चावीचा दिवा लागला की आधी दहाचा पाना बाजूला ठेवा

बटन स्टार्टच्या गाडीत मीटरवर चावीचं चिन्ह पिवळं किंवा लाल दिसलं की साताऱ्यात बहुतेक मंडळी तीनपैकी एक उद्योग करतात. दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीचं टर्मिनल काढतात, 'रिसेट' म्हणून. नाहीतर समोर दिसेल त्या दुकानातून सेल आणून घाईघाईत चावीत कोंबतात. तेही जमलं नाही तर थेट नवी चावी 'प्रोग्राम' करायला निघतात. टर्मिनल काढल्यावर कधीकधी दिवा जातोही, पण चार दिवसांनी परत येतो. तोवर घड्याळ, रेडिओ, काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा लावत बसायचं. शिवाय बिघाड कुठे होता याच्या खुणाही पुष्कळदा पुसल्या जातात, त्यामुळे पुढे मेकॅनिकलाही अंदाज येत नाही.

खालच्या क्रमात प्रत्येक टप्पा एकेक शक्यता बाद करत जातो. मधल्या पायऱ्या गाळू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चावीतला सेल आणि गाडीतला मोबाईल चार्जर एकदम बदलले आणि दिवा गेला, तर कशाने गेला ते कधीच कळणार नाही.

## तयारी

गाडी सपाट जागी, सावलीत लावा. हँडब्रेक ओढा. गिअर न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर पी (पार्क) वर. मग हे जवळ घ्या:

- गाडीबरोबर मिळालेली दुसरी चावी
- गाडीचं माहितीपुस्तक (चिन्हांचं पान आणि फ्यूजचा तक्ता त्यातच असतो)
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- लहान चपटा स्क्रूड्रायव्हर, टोकाला चिकटपट्टीचे दोन वेढे दिलेला
- कोरडं सुती कापड
- नवा सेल, पण तो आत्ताच आणू नका; नंबर चौथ्या टप्प्यात बघायचा आहे

दुसऱ्या चावीबद्दल थोडं. ती बहुतेक घरांत कपाटाच्या लॉकरमध्ये, गाडी घेतल्या दिवसापासून पडून असते आणि तिचा सेलही तिथेच उतरलेला असतो. म्हणून 'दुसऱ्या चावीनेही गाडी लागत नाही, म्हणजे गाडीतच दोष' असं लगेच ठरवू नका. आधी तिचा सेलही मोजा.

सावधान: काम सुरू करण्याआधी ड्रायव्हरची काच अर्धी खाली करा आणि शेवटपर्यंत तशीच ठेवा. चावी उघडून पडलेली, दुसरी सीटवर, आणि गाडी आपोआप लॉक, असा प्रकार होतो. मग काच फोडण्याची वेळ येते.

## टप्पा १ : दिवा नीट वाचा

'चावीचा दिवा लागलाय' एवढ्यावरून काहीच कळत नाही. रंग कोणता, स्थिर आहे की लुकलुकतोय, आणि कोणत्या क्षणी लागला, या तिन्ही गोष्टी हव्यात. प्रत्येक कंपनीची चिन्हं थोडी वेगळी असतात, म्हणून पुस्तकातलं पान उघडून ताडून पाहा. ढोबळमानाने चित्र असं असतं:

गाडी बंद आणि लॉक असताना डॅशबोर्डवर लाल ठिपका ठरावीक वेळाने लुकलुकत असेल, तर तो दोषच नाही. चोरीविरोधी यंत्रणा जागी आहे, इतकंच तो सांगतो. रात्री तो बघून 'बॅटरी खातोय' म्हणून वायर कापणारे आहेत. कृपा करून कापू नका.

गाडी सुरू करताना किंवा बंद केल्यावर चावीचं पिवळं चिन्ह थोडा वेळ लुकलुकलं, तर बहुतेक वेळा चावीतला सेल उतरत आलेला असतो. बटन दाबल्यावर बीप होऊन 'की नॉट डिटेक्टेड' अशा अर्थाचा संदेश आला, तर गाडीला चावी सापडत नाहीये. इंजिन चालू असताना, दार उघडून बंद केल्यावर बीप झाला, तर चावी गाडीबाहेर गेली. लाल चिन्ह स्थिर राहिलं, किंवा सोबत कुलपाचं वा स्टिअरिंगचं चित्र आलं, तर इमोबिलायझर (ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) किंवा स्टिअरिंग लॉककडे बघावं लागेल.

तपासा: मोबाईलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढलात का? फोटोत लुकलुकणं दिसत नाही. त्या आधी काय झालं होतं तेही लिहून ठेवा: गाडी धुतली, नवा डॅशकॅम बसवला, सर्व्हिसिंग झालं, पावसात उभी होती.

## टप्पा २ : चावी गाडीत आहे का, आणि नेमकी कुठे

हे विचारलं की लोक हसतात. पण साताऱ्याहून सांगलीला निघालेल्या नवरा-बायकोचं काय होतं बघा. घरून निघताना गाडी त्याने सुरू केली, चावी त्याच्या खिशात. कऱ्हाडला कोल्हापूर नाक्यावर तो कामासाठी उतरतो, ती स्टिअरिंगवर बसते आणि पुढे निघते. दार लागताना बीप झालेला असतो, पण मागून एसटी हॉर्न देत असते. पेठ नाक्यावर ती चहाला थांबते, इंजिन बंद करते. आता चावी कऱ्हाडात आणि गाडी पेठ नाक्यावर. यात बिघाड काहीच नाही. चावी बाहेर गेली म्हणून चालू इंजिन बंद पडत नाही, मात्र एकदा बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही.

म्हणून नियम असा: इंजिन चालू असताना चावीचा इशारा आला, तर आधी चावी शोधा. ती हातात दिसेपर्यंत इंजिन बंद करू नका.

घाटात असाल, मग तो खंबाटकी असो, पसरणी असो की यवतेश्वर, तर तिथेच वळणावर थांबायची गरज नाही. पेट्रोल पंप किंवा मोकळी जागा येईपर्यंत शांतपणे चालवा. आणि चालत्या गाडीत स्टार्टचं बटन 'दाबून बघू' म्हणू नका. बहुतेक गाड्यांत ते दोन-तीन सेकंद दाबून धरलं किंवा लागोपाठ दाबलं की इंजिन बंद होतं. मग स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची ताकदही कमी होते.

चावी गाडीत असूनही सापडत नसेल तर जागा बदला. काचेखाली डॅशबोर्डवर, दाराच्या कप्प्यात, ग्लव्ह बॉक्समध्ये, पायाशी किंवा डिकीच्या कोपऱ्यात ती गाडीला 'दिसत' नाही, असं होतं. स्टीलच्या डब्याशेजारी पिशवीत किंवा नाण्यांच्या पाकिटात असेल तर आणखी कठीण. दोन सीटच्या मधल्या कप्प्यात एकटी ठेवा आणि पुन्हा बटन दाबा.

## टप्पा ३ : चार चाचण्या

सगळ्यात जास्त उलगडा या टप्प्यात होतो, आणि नेमका हाच लोक गाळतात. चाचण्या कळायला इतकं माहीत हवं: गाडीच्या दारांत आणि आत बसवलेले अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झवर हलकी हाक देतात. ती जेमतेम हातभर अंतरापर्यंत पोचते. चावी त्या हाकेने जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते. ते उत्तर लांबवर जातं, त्याच वाटेने लॉक-अनलॉकची बटनंही चालतात. तिसरी वाट म्हणजे चावीतली बिनसेलची चिप. सेल पूर्ण मेला तरी ती गाडीला ओळख पटवते, फक्त अगदी टेकवून धरावी लागते.

१. दहा-बारा पावलांवरून चावीवरचं लॉक-अनलॉक बटन दाबा.
२. चावी खिशात ठेवून दाराच्या हँडलवरचं छोटं बटन दाबा किंवा हँडलला हात लावा. ही सोय असलेल्या सगळ्या दारांवर आणि डिकीवर करा.
३. आत बसा, चावी मधल्या कप्प्यात ठेवा, ब्रेक (मॅन्युअलला क्लच) पूर्ण दाबून गाडी सुरू करा.
४. चावी स्टार्ट बटनाला टेकवून धरा आणि मग सुरू करा.

चौथी चाचणी नीट करणारे कमीच. चावीवरचं धातूचं किंवा लेदरचं कव्हर काढा. काही गाड्यांत चावीचा बोधचिन्ह असलेला भाग बटनाला टेकवायचा असतो, काहींत चावीच्या टोकानेच बटन दाबायचं असतं, काहींत कन्सोलमध्ये वेगळा खाच असतो. पुस्तकात 'चावीचा सेल संपल्यास' या पानावर चित्र असतं. पेडल तळाशी टेकवलेलंच ठेवा. बीप झाला किंवा बटनाचा दिवा बदलला की लगेच दाबा, कारण वेळ थोड्या सेकंदांचाच असतो.

आता अर्थ लावा.

पहिली चाचणी नापास, चौथी पास: सेल गेला. चौथ्या टप्प्यावर जा. पहिली फक्त जवळून चालते आणि लांबून नाही: सेल जातोय, तोच टप्पा.

पहिली पास, दुसरी-तिसरी नापास, चौथी पास: चावी उत्तर देऊ शकते, पण तिला हाक ऐकू येत नाही. आधी सेटिंगमध्ये स्मार्ट की, म्हणजे चावी खिशात असतानाच ओळखण्याची सोय, बंद झाली नाही ना बघा. काही गाड्यांत ती बंद करता येते आणि मुलं स्क्रीनशी खेळताना करतात. मग पाचवा टप्पा.

दुसरी एकाच दारावर नापास, बाकी दारांवर पास: त्या हँडलचं बटन, वायर किंवा आत गेलेलं पाणी. चावीला हात लावू नका.

चारही नापास, पण मीटर झगझगीत उजळतो: दुसऱ्या चावीने चारही पुन्हा करा. तिने गाडी लागली तर पहिल्या चावीतच बिघाड आहे. तीही नापास झाली तर सातवा टप्पा. पहिल्या दोन पास आणि फक्त तिसरी-चौथी नापास असेल तरी सातवाच.

मीटर मंद आहे किंवा काळाच: सरळ सहावा टप्पा. मोठ्या बॅटरीचा प्रश्न आहे.

तपासा: दुसऱ्या चावीने चाचणी घेताना पहिली चावी घरात लांब ठेवलीत ना? दोन्ही एकाच पिशवीत असतील तर कोणी उत्तर दिलं ते कळत नाही.

दोन गैरसमज इथेच मोडतो. टीव्हीच्या रिमोटसारखी चावी मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून 'लाईट येतेय का' बघतात. ही चावी रेडिओ लहरींवर चालते, कॅमेऱ्यात काही दिसणार नाही. दुसरा, फास्टॅगचा अडथळा होतो हा. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि टोलनाक्याच्या रीडरने विचारल्याशिवाय स्वतःहून काही बोलत नाही. तो खरवडून काढू नका. आणेवाडीच्या टोलनाक्याला पुन्हा तुम्हालाच रांगेत बाजूला घेतील.

दारच उघडत नसेल तर: चावीच्या पोटातलं धातूचं पातं बाहेर काढा. ड्रायव्हरच्या हँडलवर कुलपाचं भोक उघडं दिसत नसेल तर बहुतेक गाड्यांत एका छोट्या टोपीखाली असतं. टोपी खालच्या खाचेतून हलकेच उचला. पात्याने दार उघडल्यावर सायरन वाजू शकतो. आसपासची माणसं बघायला लागतील, लागू द्या. आत बसून चौथी चाचणी केली आणि गाडी ओळख पटून सुरू झाली की तो थांबतो.

## टप्पा ४ : सेल बदलणे

पाच मिनिटांचं काम आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

नंबर. चावी उघडून जुन्या सेलवरचा नंबर वाचा. बऱ्याच गाड्यांत सीआर २०३२ असतो, काहींत सीआर २०२५ किंवा सीआर २०१६. पहिले दोन आकडे व्यास सांगतात, २० मिलिमीटर. शेवटचे दोन जाडी, म्हणजे ३.२, २.५ किंवा १.६ मिलिमीटर. तिघेही तीन व्होल्टचे असल्याने दुकानदार 'चालतंय की' म्हणून हातात देतो. २०३२ च्या जागी २०२५ घातला की सेल आत सैल बसतो. चावी हातात असेपर्यंत चालते आणि खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लागतो. खाली सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून लावण्याचा उपाय तर अजिबात नको. ती सरकली की सेल शॉर्ट होतो.

खरेदी. बंद पाकिटातला, तारीख छापलेला सेल घ्या. बरणीत एकमेकांवर पडलेले सुटे सेल एकमेकांना टेकून आधीच अर्धे उतरलेले असतात. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू थर दिलेला असतो. त्या थरामुळे एखाद्या चावीत संपर्क नीट होत नाही. नवा सेल घालूनही चावी मेलेलीच असेल तर हेही कारण असू शकतं.

मोजणी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. नवा सेल साधारण ३.२ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. तीनच्या खाली आलेला बदला, २.८ च्या खालचा संपला. पण तीनच्या वर दाखवतो म्हणून सेल चांगलाच, असंही नाही. नुसता मोजताना ठीक दिसणारा सेल बटन दाबल्यावर बसतो. चावीवरचा छोटा लाल दिवा पेटतो यावरही विसंबू नका. त्याला फार थोडा करंट पुरतो.

उघडणे. आधी धातूचं पातं काढा. ते निघाल्यावर जी खाच दिसते, तिथे चिकटपट्टी गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच *फिरवा*. उचकटू नका. बटनांच्या रबरी बाजूने तर कधीच नाही, ते रबर फाटलं की पावसाळ्यात चावी गेली. टेबलावर पांढरं कापड अंथरून उघडा, आतलं काही उडालं तर सापडेल.

काढणे. सेल काढण्याआधी फोटो घ्या. अधिक चिन्हाची बाजू वर आहे की खाली, हे प्रत्येक चावीत वेगळं असतं, आणि उलटा बसलेला सेल बघून 'चावी प्रोग्राम करावी लागेल' असं सांगणारे आहेत. सेल सोडवताना स्क्रूड्रायव्हर पितळी पट्टीखाली घालू नका. पट्टी वाकली की पुढचा प्रत्येक नवा सेल 'खराब' निघतो. प्लॅस्टिकचा चमचा किंवा नख पुरे.

आत बघा. हे कुणीच करत नाही. दसऱ्याला गाडीची पूजा होते, चावीलाही हळद-कुंकू लागतं, वर दोन थेंब पाणी. ते फटीतून आत झिरपतं. मग चावी उघडल्यावर पितळी पट्टीच्या कडेला गुलाबी-पिवळा लेप वाळून बसलेला दिसतो, आणि जिथे सेल टेकायला हवा तिथेच त्याची खपली. अशा वेळी सेल बदलून काहीच होत नाही. कोरड्या कापडाने पट्टी पुसा, खपली निघाली नाही तर साधं पांढरं खोडरबर हलकं फिरवा आणि कण झटकून टाका. पॉलिश पेपर नको, पट्टीवरचा मुलामा जातो. पूजेला कुंकू बोनेटला लावा, चावीच्या कव्हरवर लावा, पण बटनांना नको.

बसवणे. नवा सेल कडांनी धरा, सपाट बाजूंना बोट लावू नका. लागलंच तर पुसून घ्या. फोटोप्रमाणे बसवा. रबराची सील जागेवर आहे ना बघा आणि चारही बाजूंनी टिक् असा आवाज येईपर्यंत दाबा.

तपासा: पहिल्या तीन चाचण्या पुन्हा करा. तिन्ही पास झाल्या तर दोन-चार वेळा गाडी सुरू-बंद करून दिवा परत येत नाही ना, एवढं बघायचं. सेल काढल्याने चावीची नोंद पुसली जात नाही, त्यामुळे बहुतेक गाड्यांत पुन्हा प्रोग्रामिंग लागत नाही. बटनं चालली नाहीत तर आधी सेल उलटा नाही ना, पट्टी टेकते ना, हे पाहा.

सावधान: जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. गिळलेला गोल सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

सेल साधारण एक ते दोन वर्षं टिकतो. सहा महिन्यांतच जात असेल तर सेलला नावं ठेवण्याआधी सवयी बघा. घट्ट सिलिकॉन कव्हर बटन सतत दाबून ठेवतं का? चावी दारामागच्या खुंटीला टांगलेली आणि भिंतीपलीकडेच गाडी उभी, असं आहे का? मग रात्रभर दोघींची कुजबुज चालते. चावीचा सेल उतरतो आणि गाडीची बॅटरीही. टीव्हीशेजारी, राऊटरजवळ ठेवली तरी सेल लवकर जातो. आणि डिसेंबरात महाबळेश्वरला मुक्काम असेल, तर अर्धा उतरलेला सेल पहाटेच्या गारठ्यात हमखास दगा देतो. चावी दोन मिनिटं मुठीत धरून ऊब द्या, तेवढ्यापुरतं काम होतं.

## टप्पा ५ : अडथळा शोधा

लायटरच्या सॉकेटमधला स्वस्त चार्जर, डॅशकॅम, वायरलेस चार्जिंगची तबकडी, पायाजवळच्या रंगीत एलईडी पट्ट्या, पॉवर बँक, चावीला चिकटून खिशात असलेला मोबाईल. यातलं काहीही गाडीची हाक बुडवू शकतं. सगळं एकदम काढा, नुसतं बंद नको, सॉकेटमधून उपसा. गाडी सुरू करून बघा. लागली, तर एकेक परत जोडत जा. जे जोडल्यावर दिवा येतो, ते गुन्हेगार.

काहीच काढून फरक पडला नाही तर गाडी दोनशे-तीनशे मीटर दूर नेऊन पुन्हा चाचणी करा. एकाच जागी, उदाहरणार्थ सबस्टेशनजवळ किंवा टॉवरखाली, वारंवार होत असेल तर जागेचा दोष. चाळकेवाडीच्या पठारावर गाडी लागली नाही म्हणून पवनचक्कीला बोल लावणारे खूप आहेत. त्याच जागी तीनदा नापास आणि खाली उतरल्यावर तीनदा पास, असं झाल्याशिवाय मी ते मान्य करत नाही. वरच्या गार वाऱ्यात अशक्त झालेला सेल हे जास्त पटणारं कारण आहे.

गाडी धुताना दारं आपोआप लॉक-अनलॉक होत असतील, तर चावी तुमच्या खिशात आहे आणि पाण्याचा फवारा हँडलच्या सेन्सरला हात वाटतोय. चावी दोन मीटरपेक्षा लांब ठेवून धुवा.

## टप्पा ६ : मोठी बॅटरी

बारा व्होल्टची बॅटरी अशक्त झाली की सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळतं, गाडीतले कॉम्प्युटर क्षणभर झोपतात आणि जागे होताना जो दिसेल तो दिवा लावतात. चावीचा दिवाही त्यातलाच. म्हणजे चावी चांगली, सेल नवा, तरी दिवा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना साधारण दहाच्या खाली जात असेल तर बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करून घ्या. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. त्याहून बरंच कमी असेल तर चार्जिंग बघावं लागेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर काढा. इथे दहाचा पाना हवा. आधी वजा काढायचा, जोडताना वजा शेवटी, आणि इंजिन चालू असताना दोन्हींपैकी काहीच काढायचं नाही.

जंपर लावताना क्रम: लाल वायर तुमच्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या अधिकला, काळी वायर मदतीच्या गाडीच्या वजाला, आणि काळ्याचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब.

सावधान: हायवेला मदतीला ट्रक थांबला तर आभार माना, पण त्यावरून जंपर घेऊ नका. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात. तुमच्या गाडीचे कॉम्प्युटर आणि स्मार्ट कीचं मॉड्यूल (तिचा इलेक्ट्रॉनिक डबा) एका झटक्यात जाऊ शकतं.

## टप्पा ७ : चावीचा दोष नसलेली कारणं

चावी टेकवूनही गाडी लागत नाही, मीटर मात्र उजळतो. आता चावी सोडा.

ब्रेक दाबा आणि कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाईट लागतात का ते विचारा. लागत नसतील तर पेडलजवळचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेला आहे; गाडीला तुम्ही ब्रेक दाबलाय हेच कळत नाही. मॅन्युअल गाडीत क्लचखालची जाड मॅट बघा. नवी जाड मॅट पेडलला तळापर्यंत जाऊच देत नाही आणि लोक चावीचे सेल बदलत बसतात. मॅट ओढून काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर पी वरून न्यूट्रलला घेऊन बघा. स्टिअरिंग एका बाजूला ताणून अडकलं असेल तर ते दोन्ही बाजूंना हलवत असतानाच बटन दाबा.

## टप्पा ८ : फ्यूज आणि ओल

पुस्तकातल्या तक्त्यावरून स्मार्ट की आणि बॉडी कंट्रोलचे (दारं, काचा, दिवे सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचे) फ्यूज शोधा, एकेक काढून उजेडात बघा, जिथला तिथे लावा. जळालेल्याच्या जागी तितक्याच अँपिअरचा. तारेचा तुकडा नाही. नवाही जळाला तर थांबा, तो वायरमनचं काम आहे.

ओल हा आपल्याकडचा मोठा विषय. सांगली-मिरजेकडची जुनी गाडी घेतली असेल तर २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती कुठे होती हे विचाराच, आणि उत्तरावर विसंबू नका. पुढच्या पायाजवळचं कार्पेट उचला. खाली वाळलेला बारीक गाळ, सीटच्या बोल्टना गंज, कनेक्टरमध्ये हिरवी बुरशी दिसली तर चावीचा दिवा ही फक्त सुरुवात आहे. घरचीच गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर बटन अजिबात दाबू नका. बॅटरी सोडवून टो करून न्या.

## टप्पा ९ : वर्कशॉपला जाताना

इथवर काही सापडलं नाही तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागणार. स्वस्तातले ब्लूटूथ रीडर बहुतेक इंजिनचेच कोड दाखवतात, स्मार्ट कीच्या मॉड्यूलपर्यंत पोचत नाहीत. त्यात 'नो फॉल्ट' आलं म्हणजे सगळं ठीक, असं नाही.

गाडीच्या *सगळ्या* चाव्या बरोबर न्या. नवी चावी नोंदवताना काही गाड्यांत जुन्यांची नोंद पुसून सगळ्या पुन्हा घालाव्या लागतात. घरी राहिलेली चावी मग फक्त दार उघडायच्या पात्यापुरती उरते. आरसी, ओळखपत्र आणि पहिल्या टप्प्यातला व्हिडिओही घ्या. चार चाचण्यांचे निकाल कागदावर लिहून द्या, तोंडी नको. काउंटरवरचा माणूस आणि हात घालणारा माणूस वेगळा असतो.

कोड पुसण्याआधी स्कॅनची प्रिंट किंवा फोटो मागा. अँटेना एकेक तपासून कोणता उत्तर देत नाही ते दाखवायला सांगा. त्याशिवाय मॉड्यूल बदलायला होकार देऊ नका. बदललेला भाग परत घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर वायर कापू देऊ नका.

आणि गाडीत किती चाव्या नोंदल्या आहेत तो आकडा विचारा. तुमच्या हातात दोन आणि नोंद तीनची असेल, तर तिसरी आधीच्या मालकाकडे किंवा आणखी कुणाकडे आहे. हरवलेल्या चावीचंही तेच. तिची नोंद काढून टाकायला त्याच भेटीत सांगा, कारण ती ज्याच्या हाती असेल त्यालाही तुमची गाडी सुरू करता येते.